एक पाटा कमी

हरिदासच्या जीपमध्ये किती माणसं बसतात, हे त्याला विचारू नये. विचारलंच तर उत्तरातली निम्मी सोडून द्यावीत. तसा माणूस सरळ. विडीला न शिवणारा, गावच्या विहाराच्या भिंती दर साली स्वतःच्या हातानं पोतणारा, कुणाच्या घरी दुखणं निघालं की जेवणावरून उठून येणारा. पण जीपचा विषय निघाला की त्याच्या बोलण्याला धरबंध राहत नसे.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ट्रकवर उमर घालवून त्यानं ऐंशीच्या सुमारास सरकारी लिलावातली जुनी जीप घेतली. नाल्यापलीकडचं त्याचं गाव ते वडनेरची डांबरी सडक, एवढाच तिचा मुलूख. वाट काळ्या मातीची आणि बैलगाड्यांनी कापलेली. दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या, मधे उंच वरंबा. जीपचं पोट त्या वरंब्यावर टेकलं की चारही चाकं नुसती भिरभिरत. मग अण्णाजींचे बैल यायचे आणि जीप ओढून काढायचे. अण्णाजी वाटेलगतच्या वावराचे मालक, जीभ तिखट. "हरिदास," ते म्हणायचे, "जीपले एक जू बांधूनच ठेव. मंग पेट्रोल कायले लागते?" लोक हसायचे, आणि हरिदासला त्या रात्री जेवण गोड लागत नसे.

शेवटी एका उन्हाळ्यात तो हिंगणघाटला ओमप्रकाश मिस्त्रीकडे गेला. जीप उंच कर म्हणाला, आणि ट्रॅक्टरसारखे रुंद टायर टाक म्हणाला.

"रुंद कायले?" ओमप्रकाश म्हणाला. "काळ्या मातीत रुंद टायर चिखलावर तरंगते अन् मडगार्डात माती भरते. अरुंद घे, खोल खाचांचा. तो माती कापत खालच्या मुरमाले जाऊन लागते."

टायरचं हरिदासला पटलं. मग गोष्ट उंचीवर आली. चाकांच्या वर पोलादी पाट्यांच्या कमानी असतात, त्यांत पाटा वाढवला की गाडी वर उचलली जाते. ओमप्रकाशचं म्हणणं, दर कमानीत एकच पाटा टाकू. पोट वरंब्यावरून सुटेल, तेवढं पुरे. "जास्त टाकले त गाडी कडक होते. भरून असली त ठीक, रिकामी असली का उधळते. तू माणसं किती बसवतं?"

"वीस," हरिदास म्हणाला.

"खरं सांग."

"वीस म्हंजे वीस. बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त."

खरं तर बारा बसत, तेही एकमेकांच्या मांडीवर. पण दुकानात दुसऱ्या गावचे दोन जीपवाले चहा पीत उभे होते. त्यांच्यासमोर बारा कसं म्हणायचं? ओमप्रकाशनं खांदे उडवले आणि वीस माणसांच्या हिशेबानं दोन-दोन पाटे टाकून दिले.

पावसाळ्यात जीपनं कमाल केली. चिखलातून ती रेड्यासारखी निघून जायची. अण्णाजींचे बैल गोठ्यात बसून राहिले आणि अण्णाजींची जीभही. पण दिवाळीच्या आसपास वाट वाळली, चाकोऱ्या दगडासारख्या टणक झाल्या आणि जीपनं आपला गुण दाखवला. चार-पाच माणसं असली तर ती अशी उडायची की डोकी टपाला लागत. जीप गच्च भरल्याशिवाय लोक चढेनासे झाले. हरिदास म्हणायचा, रस्ता खराब आहे.

त्याच दिवसांत त्याची एकुलती एक लेक, कांता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गावात कापसाची वेचणी जोरात होती. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गावची सुईण धुरपता आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि तिनं आडपडदा ठेवला नाही.

"लेकरू आडवं आहे. माह्यानं होत नाई, बाप्पा. हिंगणघाटले न्या, अन् लवकर न्या."

हरिदासनं धावत जाऊन जीप दारात आणली. त्या एवढ्याशा गल्लीत रिकामी जीप तीनदा उसळली आणि मागची पान्ह्यांची पेटी उडून रस्त्यावर पडली. त्याची बायको मीराबाई उंबऱ्यातून ते बघत होती.

"अवो, या गाडीत नाल्यापर्यंत तरी जगन का माही पोरगी?"

हरिदास मनात हिशेब करू लागला. पाटे काढायला अर्धा दिवस लागला असता. बैलगाडीनं सडकेला पोचेपर्यंत दिवस मावळला असता. जीपमध्ये वजन टाकायचं तर धान्याची पोती कुणाकडे होती? ज्वारी अजून वावरात उभी होती. घरोघरी होता तो कापूस, आणि कापसाला वजन कुठलं? वीस माणसं, वीस माणसं म्हणून मिरवलं, आणि त्या शब्दापायी आता पोटची पोर जाते, असं त्याच्या मनात आलं.

एव्हाना वेचणीवरून बायामाणसं धावत आली होती. अण्णाजीही आले. काय अडलं ते त्यांनी ऐकून घेतलं.

"पोते कायले पायजेत? आमी आहो ना," ते म्हणाले आणि धोतर सावरून सगळ्यांच्या आधी मागे चढले. "चढा रे! जो जाडा तो आधी चढा!"

मग एकच गर्दी उसळली. वेचणीच्या बाया ओटीतल्या कापसासकट चढल्या. बाप्ये दांड्यांना लटकले, दोघं बॉनेटवर बसले. कमानी हळूहळू दबत गेल्या. मीराबाईनं कांताला पुढच्या सीटवर मांडीत घेतलं. हरिदासच्या जीपमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर वीस माणसं बसली.

जीप निघाली आणि झुल्यासारखी चालली. चाकोरी आली की अण्णाजी मागून दटावायचे, "हालू नका कोणी! श्वास बी हळू घ्या!" नाल्यातल्या गोट्यांवर कांतानं एकदा "बाबा" अशी हाक मारली. हरिदासनं बाजूला वळून पाहिलं नाही. त्याची छातीच झाली नाही.

हिंगणघाटच्या दवाखान्यात जीपमधून उतरणारी जत्रा पाहून नर्सबाई दारातच थबकल्या. "यातली बाळंतीण कोणती?" त्यांनी विचारलं.

दिवेलागणीला ऑपरेशन करून मुलगी झाली. आई आणि लेकरू दोघीही सुखरूप. हे ऐकल्यावर हरिदासच्या जिवात जीव आला. धुरपता मोठ्यानं रडली, अण्णाजींनी पदरच्या पैशांनी पेढे आणून सगळ्यांची तोंडं गोड केली, आणि पलटण वडनेरपर्यंत बसनं आणि पुढे पायी गावाकडे परतली.

दुसऱ्या दिवशी हरिदास ओमप्रकाशच्या दुकानात उभा होता.

"एकेक पाटा काढून टाक."

"अन् वीस माणसायचं काय करतं?"

"बारा बसते," हरिदास म्हणाला. "तेबी मोठ्या मुश्किलीनं." दुकानात तेव्हाही गिऱ्हाइकं होती. त्यानं आवाज खाली केला नाही.

जीप थोडी खाली आली. वरंब्यावरून पोट सुटेल एवढी उंच, आणि बसणाऱ्याचं पोट दुखणार नाही एवढी नरम.

टाके निघाल्यावर तो कांताला घ्यायला गेला. येताना जीपमध्ये फक्त घरची माणसं. त्याच चाकोऱ्या, तोच नाला. जीप गोट्यांवरून डुलत उतरली आणि डुलत चढली. मीराबाईच्या कुशीत नात झोपली होती, तिची पापणीसुद्धा हलली नाही. पलीकडच्या काठावर हरिदासनं इंजिन बंद केलं.

"काऊन थांबले?" मीराबाईनं विचारलं.

"काई नाई. हात कापून राह्यले माहे." कांताला दवाखान्यात नेलं त्या दुपारी स्टेअरिंगवर ते जराही कापले नव्हते. "जराशिक बसू दे मले."

मीराबाईनं झोपलेलं लेकरू उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.