मृदंगाची कणीक

जेवणं उरकली की ते पंच्याला हात पुसत स्वयंपाकघरात जायचे आणि तळहातावर लिंबाएवढा कणकेचा गोळा घेऊन बाहेर यायचे. आम्ही सगळे तोवर गळ्यापर्यंत जेवून भिंतीला टेकलेलो असायचो. ते एकेकाच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "पोट भरला मां सगळ्यांचा? मगे आता आयका."

"अजून घासभर भात चालला असता," असं कोणी थट्टेनं जरी म्हटलं, तरी गोळा बाजूला ठेवून ते भाताचं पातेलं आणायला जायचे. थट्टा त्यांना कळत नव्हती असं नाही. या एका विषयात ती त्यांना चालत नसे.

नाव सांगत नाही. त्यांना ओळखणारी माणसं मालवणात अजून असतील. खानावळीत सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणे.

मी तेव्हा मालवणच्या कचेरीत कारकून होतो. माणूस घाटावरचा आणि नोकरी मिळाली ती समुद्राच्या काठावर. बिऱ्हाड गावीच ठेवलेलं, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण बंदराच्या रस्त्यावरच्या काकींच्या खानावळीत. काकींचा नवरा खलाशी होता. तो गेल्यावर त्यांनी समोरच्या पडवीत पाट मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालायला सुरुवात केली. आबा काकींच्या नात्याचे नव्हते. ते वाढपी होते. आधीची कित्येक वर्षं दशावतारी कंपनीत मृदंग वाजवत गावोगाव फिरले होते. पायांनी दगा दिल्यावर मृदंग खांद्याला अडकवून इथं आले आणि राहिले.

पहिल्या दिवशी माझ्या पानात अख्खा बांगडा पडला तेव्हा मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे बघत राहिलो. आबा वाकले, दोन बोटांनी त्याचा मधला काटा अलगद ओढून काढला आणि म्हणाले, "आता खावा. ह्यो तुमका काय करूचो नाय." पुढं महिनाभर माझ्या बांगड्याचा काटा ते न सांगता काढून देत. मग एके दिवशी काढला नाही आणि लांबून बघत उभे राहिले. मला जमलं तेव्हा आपला मुलगा पास झाल्यासारखं तोंड केलं त्यांनी.

आगबोटीचे उतारू होडीतून बंदरावर आले की अर्धे हिरवेनिळे पडलेले असत. त्यांना आबा भात वाढत नसत. आधी सोलकढी, मग थोडं बसायचं, मग पान. दारूबंदीचे दिवस होते. तरी कोणी माडी लावून आलाच तर त्याला आबा कोपऱ्यातल्या पाटावर बसवत आणि पाठ चोळत जेवायला लावत. कोणाला केव्हा काय पचेल हे त्यांना तोंड बघून कळे.

आणि रविवारी दुपारी गाणं. कचेरी बंद, कोर्ट बंद. बाजारातला एक शिंपी पेटी घेऊन येई, तोच गाई. अभंग, नाटकातली पदं, सुचेल ते. खानावळीच्या मागच्या पायरीखाली समुद्र होता, त्याचा आवाज सारखा चालू. आबा मांडी घालून बसत, मृदंगाच्या डाव्या तोंडावर पाण्याचा हात फिरवत आणि तो कणकेचा गोळा थापून थापून चपटा बसवत. मला हे नवीन होतं. मृदंगाच्या उजव्या बाजूला काळी शाई कायमची असते, डाव्या बाजूला दर वेळी ओली कणीक लावावी लागते. त्याशिवाय ती बाजू बोलत नाही, नुसता रिकामा डबा वाजतो. कणीक लागली आणि आबांचा पंजा तिच्यावर पडला की तो घुमारा जमिनीतून येऊन आपल्या भरल्या पोटात शिरे. इतकं सुख मला त्या गावात दुसऱ्या कशानं दिलं नाही.

वाजवून झालं की आबा कणीक खरवडून काढत, मागच्या पायरीवर जात आणि ती समुद्रात टाकत. मी एकदा कारण विचारलं. "माशांनी आमका जेवयला. तेंकाव कायतरी नको?" ते म्हणाले.

जेवल्याशिवाय ऐकायचं नाही हा नेम कुठून आला, तेही मी विचारलं होतं. कंपनीत असताना एका गावी जेवण आलंच नाही, तरी नाटक उभं राहिलं. राजाचं सोंग घेतलेला नट युद्धाच्या आधीच धाडकन पडला. "राजा मेलो म्हणान लोकांनी टाळये वाजवले," आबा सांगत. "राजा भुकेन पडललो. आणि मी तेच्या पडण्यार थाप मारलंय!" एवढं बोलून ते हसत. उपाशी माणसानं गायचं नाही आणि उपाशी माणसाला ऐकवायचं नाही, हे त्यांनी तेव्हा ठरवून टाकलं.

एकदा जिल्ह्याहून एक मोठे साहेब आले होते. त्यांनी मृदंगाची कीर्ती ऐकलेली. आल्या आल्या म्हणाले, "आधी ऐकवा, जेवण नंतर." आमच्या कचेरीतली माणसं आबांना खुणा करू लागली. आबांनी शांतपणे साहेबांपुढे पान मांडलं. सुरमई, तिसऱ्या, उकड्या तांदळाचा भात, पुन्हा भात. साहेब जेवले आणि गाण्याचं दुसरं कडवं यायच्या आत खांबाला टेकून घोरू लागले. शिंप्यानं थांबू का म्हणून बघितलं. आबांनी मानेनंच नको म्हटलं आणि पुढचा तासभर नुसत्या बोटांनी, साहेबांची झोप मोडणार नाही इतक्या हळू वाजवलं. तसलं वाजवणं मी पुन्हा ऐकलं नाही. साहेबांनीही ऐकलं नाही.

असे काही गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्याशी भांडण होऊच शकत नाही असं आपल्याला वाटतं. मी भांडलोही नाही. एक वाक्य बोललो.

साठीच्या दशकातली ती टंचाईची वर्षं. पाऊस दोनदा फसला होता. धान्य रेशनवर, तेही मोजकं. मालवणच्या माणसाला तांदूळ हवा, तर कार्डावर अर्धा गहू मिळायचा. तो लाल, परदेशी गहू घेऊन बायका कचेरीत यायच्या आणि मला विचारायच्या, "ह्याचा काय करूचा, भाऊसाहेबांनू?" कार्डं लिहायचं काम माझ्याकडेच होतं. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून माझं डोकं फिरलेलं असे. त्यात शनिवारी बायकोचं पत्र आलं. घाटावर आमच्याकडे ज्वारीच्या जागी लाल, परदेशी मिलो मिळत होता. त्याची भाकरी थापता येत नाही, तुटते, आणि धाकटी ती तोंडातून काढून टाकते, असं तिनं लिहिलं होतं. बाकी सगळे खुशाल.

ते पत्र खिशात घेऊन मी रविवारी जेवलो. पडवी भरलेली होती. शिंप्यानं पेटी उघडली, आबा गोळा घेऊन आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोट भरला मां सगळ्यांचा?"

मी म्हणालो, "आमचं भरलं, आबा. पण गावात माणसांना खायला मिळत नाही, आणि तुम्ही इथं कातड्याला कणीक चारता. वर ती समुद्रात टाकता."

शिंप्याचा हात भात्यावर तसाच राहिला. आबांनी हातातल्या गोळ्याकडे बघितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. कोणीतरी मध्ये पडलं असतं, मीही नरमलो असतो. ते म्हणाले, "बरोबर आसा."

टोमणा नव्हता त्यात. त्यांना ते खरंच पटलं होतं. आत जाऊन त्यांनी गोळा परत पिठाच्या भांड्यात ठेवला, मृदंगाला फडकं गुंडाळून तो खुंटीला लावला आणि उष्टी पानं उचलायला लागले. माझं पान उचलताना त्यांनी मला विचारलंसुद्धा, "ताक देव काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी चहा पुढ्यात ठेवला तो आवाज करून. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेबांनू, ता पीठ माझ्या खानावळीचा न्हय. आबांच्या कार्डाचा. तेंच्या वाट्याचो गहू तेवढो मृदंगाक ठेवतत. पोळयेचो तुकडो तेंणी अजून तोंडात घालूक नाय. तांदूळ पुरना नाय म्हणान एक वेळ जेवतत. माका सांगूचा नाय म्हणान शपथ घातलली, ती आज मोडतंय."

आबांचं कार्ड मीच लिहिलेलं होतं. माणसं: एक. माझ्याच अक्षरात. लोकांना वाढून झाल्यावर हा माणूस स्वतः काय खातो, हे त्या कार्डावर मला वाचता आलं असतं. मी ते कधी वाचलं नाही.

मी चारचौघांत बोललो होतो, तेव्हा माफीही चारचौघांत मागायला हवी होती. एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं. पण कचेरीतला माणूस, भाऊसाहेब म्हणवून घ्यायची सवय झालेली. मी मागच्या दारानं गेलो. आबा पायरीवर मासे साफ करत होते. मी म्हणालो, "आबा, या रविवारी वाजवा ना." चुकलं हा शब्द जिभेवर आला आणि मी तो गिळला.

"हाताक बरा नाय, भाऊसाहेबांनू," ते म्हणाले आणि मान खाली घालून खवले काढत राहिले. त्यांचा हात चांगला सपासप चालला होता.

शिंपी आणखी दोन रविवार आला. एकदा कोणाचा तरी तबला आणला, पण ते काही जमलं नाही. मग लोक जेवून हात धुतले की घरी जाऊ लागले. मला कोणी बोल लावला नाही. आबा तर नाहीच. उलट सुरमईचा मोठा तुकडा अजूनही माझ्याच पानात पडायचा. तो मला खाली उतरत नसे, आणि टाकायची तर सोयच नव्हती. वर्षभरात माझी बदली खारेपाटणला झाली. निघताना मी आबांच्या पाया पडलो, पण बोललो काहीच नाही. म्हातारा माणूस, कोणीही पडतं पाया.

पुढं दोन पावसाळे बरे झाले. घाटावर आमच्या शेतात गहू आला. सुट्टीवरून परतताना मी त्यातला घरी दळून घेतला, बायकोकडून दोनदा चाळून घेतला आणि ती पिशवी मांडीवर घेऊन थेट मालवण गाठलं. काकी म्हणाल्या, आबांना आता उभं राहवत नाही, ते आचऱ्याला पुतण्याकडे असतात. मी पुढची एस. टी. धरली. वाटेत मनाशी वाक्य घोकत होतो. या वेळी गिळायचं नाही.

आबा घरापुढच्या खळ्यात बसले होते. निम्मे झाले होते. पण ओळखलं लगेच. मी बसलोही नाही. उभ्यानंच म्हणालो, "आबा, माझं चुकलं. त्या दिवशी मी बोलायला नको होतं. तुमच्या कार्डाचं मला माहीत नव्हतं." पुतण्या, त्याची बायको, शेजारचे दोघे, सगळे ऐकत होते. तसंच हवं होतं मला.

आबांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "तुमचा काय चुकला? लोक उपाशी होते, ता खराच होता. माझ्या ध्यानात येवक नाय, तुम्ही सांगितल्यात." मी पिशवी पुढे ठेवली. "हे पीठ घरच्या गव्हाचं आहे. मृदंगासाठी आणलंय. आता भरपूर आहे, आबा. कोणी उपाशी नाही. एकदा वाजवा."

मृदंग आत भिंतीवर होता, त्याच फडक्यात. आबांनी पिशवीचं तोंड उघडलं, चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं, वास घेतला. "चांगला आसा," म्हणाले. मग पुतण्याच्या बायकोला हाक मारली, "गो, भाऊसाहेबांक पोळये कर."

भाताच्या घरातली मुलगी ती, पोळ्या तिला कुठल्या जमायला. एक गोल नाही, एक सारखी नाही. आबा माझ्यासमोर बसून स्वतःच्या हातानं वाढत होते. मी चार खाल्ल्या. प्रत्येक पोळीनंतर वाटत होतं, आता उठतील, आता तो मृदंग काढतील.

पुतण्याची बायको दारात आली. "आबांनू, एक गोळो उरलो हा. मृदंगाक ठेवू?"

आबांनी भिंतीकडे बघितलंही नाही. "नको. तेचीव पोळी भाज. भाऊसाहेब लांबसून इलेत."

ती पोळी जाड होती, मध्ये कच्ची राहिलेली. आबा समोर बसले होते. मी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.