मिनिट्समधली सही

रमणाची सही मी चारदा तपासली. तीच होती. सुरुवातीचा आर मोठा, शेवटी खाली ओढलेली शेपटी. त्याच्या केसपेपरांवर मी ती वर्षभर पाहिली होती. वर मीटिंगची तारीख टाइप केलेली होती, तीन आठवड्यांपूर्वीची. आणि रमणाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर मे महिन्याचं ऊन. तरी अंगावर सरसरून काटा आला. मी रजिस्टरची मागची पानं उलटली. 'विद्यार्थी प्रतिनिधी: हजर. संमत.' खाली तीच सही. मेल्यापासून त्याने एकही मीटिंग चुकवली नव्हती.

मी भूल देणारी डॉक्टर. नव्वदीच्या सुरुवातीला पुण्याहून हैदराबादला एमडी करायला आले आणि रेसिडेंट झाले. रेसिडेंट म्हणजे अर्धा विद्यार्थी, अर्धा वेठबिगार. शिकायचं, पण वॉर्डही आपणच ओढायचा. शहरात तेव्हा एकेक कॉर्पोरेट हॉस्पिटल उघडत होतं आणि आमचे सीनियर तिकडे पळत होते. त्यांचं काम आमच्या डोक्यावर. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर एक दिवस सुट्टी मिळायची, तिला आम्ही ऑफ म्हणायचो. हा ऑफ नव्हता तेव्हा माझा सीनियर रेसिडेंट आणि आमचा प्रतिनिधी रमणा कुकटपल्लीला घरी जाताना स्कूटरवरच झोपला. समोर ट्रक उभा होता. त्यानंतर आम्ही भांडून हा ऑफ मिळवला होता.

आता तो ऑफ बंद करायचा ठराव सोमवारी येणार होता. आमच्या ट्रस्टच्या कॉलेजचा नियम असा, की ट्रेनिंगमधल्या कुठल्याही बदलाला विद्यार्थी प्रतिनिधीची सही लागते. रमणानंतर ती जागा रिकामी आहे असं आम्ही समजत होतो. दहा दिवसांपूर्वी मला निवडून दिलं, म्हणून जुनी मिनिट्स, म्हणजे मीटिंगची इतिवृत्तं, वाचायला आले होते.

टेबलापलीकडे हमीदभाई टाइप करत होते. अकॅडमिक सेक्शनचे जुने क्लार्क, फार सज्जन माणूस.

"हमीदभाई, ये साइन किसकी है?"

"रमणा साब की."

"कब की उन्होंने?"

"परसोंच आए थे ना. यहींच बैठे, जहाँ आप बैठे. चाय भी पूरी नहीं पिए, बोले वॉर्ड में जाना है."

मी खुर्चीवरून उठले. हमीदभाई शांतपणे टाइप करत राहिले. परसों म्हणजे परवा. परवा मंगळवार होता. मंगळवारी हा माणूस इथे बसून चहा पिऊन गेला म्हणे. आयुष्यात मी भुतांवर विश्वास ठेवला नाही, पण त्या दिवशी जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरले. खरं सांगते, घाबरले होते.

जामबागला माझी मावशी राहायची. तिचं सासर निजामाच्या काळापासून हैदराबादचं. सुलतान बाजारच्या गर्दीतून चालत तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. मावशी हसत सुटली.

"अगं वेडे, इथलं परसों मोजायचं नसतं. परसों म्हणजे मागे कधीतरी. माझं लग्नसुद्धा परसोंच झालंय. तुम्ही पुणेकर, बसा शब्दाचा कीस पाडत."

मीही हसले. पाणी प्यायले. मग पेला खाली ठेवला. सही जुनी होती, तर वरचे ठराव नंतरचे होते. म्हणजे रमणाने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. त्याला वॉर्डमधून मीटिंगला यायला सवड नव्हती, म्हणून.

आणि निवडून आल्याच्या दिवशी, ड्यूटी संपवून, डोळे मिटत असताना, हमीदभाईंनी पुढे केलेल्या कागदांवर मीही सह्या केल्या होत्या. नवीन प्रतिनिधीचे फॉर्म असतील म्हटलं. वाचलं कोणी होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन ते कागद परत मागितले. हमीदभाईंनी कपाट उघडून फाइल काढली. वर सुबक अक्षरात माझं नाव होतं, शेजारी रमणाची रिकामी फाइल.

"उनके तो खतम हो गए, मॅडम. आप लोगों को आने-जाने की तकलीफ नक्को, इस वास्ते रखता मैं."

त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल नुसती माया होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"दस थे ना? ये तो नौ हैं."

"हौ. एक सोमवार का टाइप हो गया."

कागदावर शुक्रवारीच सोमवारची मीटिंग होऊन गेली होती आणि मी ऑफ सोडून दिला होता.

सोमवारी मी गेले. प्रतिनिधीच्या खुर्चीसमोर चहा ठेवलेला होता. शिपायाने माझ्याकडे दचकून पाहिलं. त्या खुर्चीत कोणी बसलेलं त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं. प्रिन्सिपल सरांनी ठराव वाचला आणि पुढच्या विषयाला हात घातला.

"सर, माझी संमती नाही."

"डॉक्टर, सही तुमचीच आहे ना?"

"आहे सर. रमणाचीही आहे. तीन आठवड्यांपूर्वीची."

मी रजिस्टर त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी ते पान जवळ ओढून सहीवर बोट ठेवलं. रमणाच्या घरी सांत्वनाला गेलेल्यांत तेही होते. मग त्यांनी माझा कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"ठराव तहकूब. ऑफ चालू राहील."

आम्ही कँटीनमध्ये इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटांवर ताव मारला. उरलेले नऊ कागद मी तिथेच टराटरा फाडले.

पाच-सहा वर्षांनी मी एका कॉर्पोरेट हॉस्पिटलात होते. आमच्या कॉलेजचा एक रेसिडेंट तिथे ट्रेनिंगला आला. केस चालू असताना उभ्या उभ्या पेंगत होता. बाहेर नेऊन झापलं.

"काल ऑफ घ्यायचा ना!"

"ऑफ कुठे आहे मॅडम? तुम्ही पास होऊन गेलात त्याच महिन्यात बंद झाला." मग जरा चाचरत म्हणाला, "ठरावावर प्रतिनिधी म्हणून तुमचीच सही आहे."

तहकूब म्हणजे रद्द नव्हे. जिंकल्याच्या आनंदात ड्रॉवरमधला तो दहावा कागद मागायचा माझ्याकडून राहिला होता. त्या रेसिडेंटला मी घरी पाठवलं आणि केस स्वतः पूर्ण केली. कोऱ्या कागदावर सही करू नये हे शहाणी माणसं सांगतातच. माझं म्हणणं एवढंच, की जागरणाने डोळे मिटत असतील तर छापील कागदावरही करू नये.