दिवाळसणाचा पिचर

आमच्या घरात जावई आला, तो बेसबॉलच्या संघाला पिचर कमी होता म्हणून.

शोभाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, ही गोष्ट लग्नानंतर कळली. आईला ती अजूनही पटलेली नाही. लोक स्थळ बघताना शेती किती, नोकरी कायम आहे का, पोराला काही नाद आहे का, हे बघतात. मी खांदा बघितला. (नोकरीचं विचारायचं राहूनच गेलं होतं. नशिबानं वाळूजच्या कंपनीत कायम निघाला.)

आमच्या छावणी भागात बेसबॉल कुणी आणला हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, पण आणला आणि तो राहिला. खेळ साधा आहे. पिचर उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, समोरचा दांडक्यानं तो मारायला बघतो, आणि मैदानाबाहेर बसलेले माझ्यासारखे लोक दोघांनाही अक्कल शिकवतात. मी स्वतः आयुष्यात एकदाच खेळलो. पहिलाच चेंडू दातावर बसला आणि त्या दिवसापासून मी जाणकार झालो. पुढं संघाचा व्यवस्थापकही झालो. म्हणजे चेंडू आणायचे, चहा सांगायचा. पण चहा मी सांगत होतो म्हणून कोण खेळणार हेही मीच ठरवायचो!

दरवर्षी दिवाळी झाली की छावणीच्या मैदानावर स्पर्धा व्हायची आणि शेवटच्या सामन्यात आमच्यासमोर हटकून शहरातल्या गुलमंडी भागाचा संघ असायचा. त्या वर्षी आम्ही एका धावेनं हरलो. आमचा पिचर होता विलास, माझा सख्खा धाकटा भाऊ. कितीतरी वर्षं तोच टाकत आला होता. त्याच्या चेंडूला आता पूर्वीचा वेग नव्हता, खांदा कुरकुरायचा, रात्री तो शेजारच्या आपल्या घरून येऊन वहिनीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, मंदाकडून, तेल गरम करून घ्यायचा. पण गुलमंडीचा कुठला गडी कुठल्या चेंडूला फसतो हे त्याला पाठ होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण जाणकाराला माहिती असून उपयोग नसतो, त्याला काहीतरी बदल करायचा असतो.

फाल्गुनात शोभासाठी जालन्याचं स्थळ आलं. मध्यस्थ पोराचे गुण सांगताना सहज म्हणाला, कॉलेजात असताना बेसबॉल खेळायचा, पिचर होता. मी चहाची बशी खाली ठेवली. त्याच आठवड्यात मी आणि विलास जालन्याला गेलो. माझ्या एका खिशात पत्रिका होती, दुसऱ्यात चेंडू.

मुलाचे वडील मोठे भारदस्त गृहस्थ. घराणं सांगून झालं, शेती सांगून झाली, आता आणखी काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाले. मी विचारलं, मुलगा उजव्या हातानं फेकतो की डाव्या? मी खिशातला चेंडू काढून त्यांच्यापुढं धरला. मग आम्ही सगळे अंगणात आलो. प्रकाशनं, म्हणजे नवऱ्या मुलानं, पाहुण्यांची इच्छा म्हणून नवा शर्ट सावरत चेंडू फेकला. तो झेलायला समोर विलास उभा होता. असा आवाज झाला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. विलासनं तळहात झटकला, तो लालभडक झाला होता.

"दादा, लई जोर हाय पोराच्या हातात," विलास मला बाजूला घेऊन म्हणाला. "आन डोळा बी सरळ हाय. शोभी सुखात राहील."

तो शोभाचा नवरा निवडत होता. मी त्याच्या जागेवरचा माणूस निवडत होतो. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वैशाखात लग्न लागलं. बजाजनगरात दोन खोल्या घेऊन शोभाचा संसार सुरू झाला आणि मी गणपती बसायच्या आत संघ बसवून टाकला. गुलमंडीचा एक चांगला गडी पुण्याला बदलून गेला होता, पिचरचा चेंडू झेलणारा आमचा कॅचर अस्लम तयारीत होता आणि पिचरच्या जागी आता प्रकाशराव होते. हॉटेलात मी सगळ्यांना सांगत सुटलो की यंदा कप आपलाच. विलासला मात्र सांगायला मला दसरा उजाडला. सोनं द्यायला आला तेव्हा मी विषय काढला.

त्यानं हातातली आपट्याची पानं एकेक करून चाळली. मग म्हणाला, "येवढं एक वर्ष दे दादा. गुलमंडीला एकदा हरवू दे. पुढल्या वर्षी मी आपणहून सोडतो."

मी त्याला संघाचं हित वगैरे समजावलं. (घरातल्या माणसाला हित समजावायला लागलो की समजावं, आपण त्याच्या ताटातलं काहीतरी उचलतो आहोत.)

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"तू पाणी बघ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विलासनं आपला हातमोजा प्रकाशरावांना नेऊन दिला, तेल लावून मऊ केलेला.

आता खरं सांगतो. स्वतःला एवढा जाणकार म्हणवून घेणाऱ्या मला एक साधी गोष्ट सुचली नव्हती. ती आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही सुचली असती. पिचरवर ओरडता येतं, त्याला पळवता येतं, बसवता येतं. जावयाच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही. आणि त्यात तो पहिला दिवाळसण!

जावईबापू चार दिवस आधीच आमच्याकडं राहायला आले. आईनं लाडू, करंज्या, अनारशांचे डबे भरून ठेवले होते. पहाटे उटणं, मग फराळ, मग जेवण, मग वामकुक्षी. सराव म्हटला की आई दारात आडवी उभी.

"जावयाला उन्हात पळवतो व्हय रं?" ती मला म्हणायची. "त्यायच्या घरचे म्हणतील, सणाला बोलावलं आन हमाली करून घेतली."

कसंबसं संध्याकाळी त्यांना मैदानावर नेलं, तर तिथं माझीच जीभ वळेना. विलासचा चेंडू वर गेला की मी अख्ख्या छावणीला ऐकू जाईल असा ओरडायचो. इथं म्हणायला लागलो, "प्रकाशराव, आपली हरकत नसली तर पुढचा जरा खाली टाकता का?" अस्लम तोंडावर मोजा धरून हसायचा. प्रकाशराव बिचारे सरळ माणूस, प्रत्येक वेळी "हो दादा" म्हणायचे आणि ढेकर द्यायचे.

शेवटच्या सामन्याला समोर गुलमंडीच. आईनं तर कहर केला. जावयाचा खेळ बघायला तिनं जालन्याहून व्याही आणि विहीणबाई बोलावून घेतल्या. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या, चिवड्याचा डबा उघडला आणि स्वतः त्यांच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली. मी मनात म्हटलं, बघू देत, त्यांनाही कळू दे की मी काय हिरा शोधला आहे.

सुरुवातीला हिरा चमकलाही. गुलमंडीवाल्यांना चेंडू दिसेचना. व्याह्यांनी दोनदा मान डोलावली. आम्ही पुढं गेलो, चांगले पुढं गेलो, आणि मी हॉटेलवाल्याला पेढ्यांचं बोलून ठेवलं. मग हळूहळू दिवाळी अंगात उतरायला लागली. प्रकाशराव उंचवट्यावर उभे राहून कंबरेवर हात ठेवायला लागले. चेंडूचा वेग गेला आणि वेगाशिवाय त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतंच. गुलमंडीवाले एकेक चेंडू वेचून मारायला लागले.

विलास पाण्याची बादली खाली ठेवून भिंतीशी गेला. कुणीही न सांगता त्यानं खांदा मोकळा करायला सुरुवात केली. भिंतीवर चेंडू मारायचा, झेलायचा, पुन्हा मारायचा. डोळे माझ्याकडं.

अस्लम धावत माझ्याजवळ आला. "दादा, अब विलासभाई को लाओ. इनका हाथ भर गया."

मी खुर्च्यांकडं बघितलं. व्याही चिवडा खायचे थांबले होते. आईनं पदराआडून माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेतला पोरगा झालो. दिवाळसणाला बोलावलेल्या जावयाला त्याच्या आईबापांसमोर बाहेर काढायचं, म्हणजे भरल्या ताटावरून उठवायचं. तेही त्याच्या जागी स्वतःच्या भावाला बसवायला. उद्या शोभाला सासरी काय काय ऐकून घ्यावं लागलं असतं!

विलास आता माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला होता. "दादा, सांग ना," तो हळूच म्हणाला. "दोन-तीनच गडी राह्यलेत. म्या काढतो त्यायला."

आणि तो काढू शकला असता. पुढं येणारे ते दोन-तीन गडी तो वर्षानुवर्षं काढतच आला होता.

"बस जरा," मी म्हणालो.

तो बसला नाही. बादलीजवळ जाऊन उभा राहिला, सामना संपेपर्यंत. आम्ही हरलो. पेढे गुलमंडीवाल्यांनी विकत घेतले.

आम्ही घरी परतायला निघालो. बाजाराच्या वळणावर व्याही आणि आई पुढं गेल्यावर प्रकाशराव माझ्याजवळ आले. विलास मागं रिकामी बादली घेऊन चालत होता.

"दादा, रागावू नका, पण मला काढायचं व्हतं ना तुम्ही," ते म्हणाले. "हात पार मेला व्हता माझा. मी सारखा तुमच्याकडं बघत व्हतो."

"मग सांगायचं तरी!"

"कसं सांगू? सासरच्या लोकांनी मानानं उभं केलेलं. मी मधीच निघून आलो असतो, तर सासूबाई म्हणल्या असत्या, जावई रुसले."

म्हणजे त्यांना जायचं होतं, विलासला यायचं होतं आणि मध्ये मी मान राखत उभा होतो. मी वळून बघितलं. विलासनं सगळं ऐकलं होतं. तो हसला. ते हसू मला अजून आठवतं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मी त्याला पुन्हा बोलवायला गेलो. खांदा गेला दादा, एवढंच म्हणाला. मी खूप गळ घातली, आईकडूनही सांगून बघितलं. तो मैदानावर आला नाही. प्रकाशरावांनी हातमोजा परत आणून दिला, तो त्यानं पोरांना खेळायला देऊन टाकला. त्यानंतर गुलमंडीला आम्ही एकदा हरवलंही, पण तेव्हा विलास कंपनीत दुसऱ्या पाळीला होता. मी कप घेऊन त्याच्या घरी गेलो, तर कप आतून पुसून त्यात त्यानं मला पाणी दिलं. मला त्या वर्षाचं आजही वाईट वाटतं. एक वर्षच तर मागितलं होतं त्यानं.

मागच्या साली माझ्या लेकीसाठी पैठणचं स्थळ आलं. मुलगा बघायला कोण जाणार, यावर घरात बैठक झाली. आई आता थकली आहे, पण संघ तीच निवडते. मंदा, प्रकाशराव आणि विलास, असं ठरलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभाच होतो. म्हटलं, मुलीचा बाप नको का बरोबर?

विलासनं चप्पल घालता घालता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "तू पाणी बघ."

आमच्या गावात नळाला पाणी कधीतरीच येतं आणि नेमका त्या दिवशी पाण्याचा वार होता. मी शर्ट काढून ठेवला, नळाखाली बादली लावली आणि समोर पाट टाकून बसलो. बादली कधी भरली, कधी वाहायला लागली, पाणी अंगणातून गल्लीत कधी गेलं, मला काही कळलं नाही. शेजारीण ओरडली तेव्हा मी पोरगा उजवा असेल की डावखुरा, या विचारात होतो.