हिरव्या खुणेचा ॲल्स्टन

माझा धाकटा दीर ॲल्स्टन कुठलेही काम विसरत नाही. विसरायला ते काम आधी डोक्यात असावे लागते. याच्याकडे ते सरळ मोबाइलात जाते. काही माणसे देवाला नवस बोलून मोकळी होतात ना, तसा हा काम मोबाइलात घालून मोकळा होतो.

रोजची तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणून झाली, माळ खुंटीला लावली, की मी वहीत दिवसाचे चार शब्द लिहिते. त्या चार शब्दांत माझा नवरा बाप्तिस्तसुद्धा येत नाही इतक्या वेळा हा ॲल्स्टन येतो. म्हणून म्हटले, एकदा त्याचेच सलग लिहून टाकावे. देव मला क्षमा करो, पण हात आखडता घेणार नाही.

ॲल्स्टन आणि त्याची बायको जॅनेट बरीच वर्षे मस्कतला होती. परत आल्यावर त्यांनी आमच्या शेजारीच घर बांधले आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. खोल्या जॅनेट चालवते. ॲल्स्टन ‘नियोजन’ करतो. मस्कतच्या ऑफिसात कोणा साहेबाने त्याला सांगितले होते म्हणे, की कामे लिहून ठेवणारा माणूस पुढे जातो. साहेबाने लिहून झाल्यावर काय करायचे तेही सांगितले असेल. हा तेवढ्यात उठून आला असणार.

पहिले ॲप त्याने घेतले ते झाडांचे. काम पुरे झाले की मोबाइलात एक झाड उगवायचे. वर्षभरात त्याची मोबाइलात मोठी आमराई झाली. परसातल्या खऱ्या कलमांना पाणी जॅनेट घालत होती, तेही विहिरीतून काढून, कारण पंप बंद होता. मग दुसरे ॲप आले, रंगांचे. लाल म्हणजे तातडीचे, पिवळे म्हणजे बघू, निळे म्हणजे कधीतरी. सकाळी पेज थंड होईपर्यंत हा कामांना रंग देत बसायचा. आता तिसरे आहे. त्यात रोज संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हाताने एका तरी कामावर खूण केली की एका माळेत एक मणी वाढतो. एक दिवस चुकला की माळ तुटते. त्या माळेपायी तो तापातही मोबाइल मागून घेतो. आमच्या खुंटीवरच्या माळेला मात्र त्याचा हात नाताळातच लागतो.

चर्चमध्ये बायकांचा एक संघ आहे. मागच्या वर्षी फादरांना काय सुचले कोण जाणे, त्यांनी ॲल्स्टनला तिथे बोलायला उभे केले. विषय होता, आपल्या कामांसाठी ॲप कसे निवडावे. हा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि शुद्ध मराठीत सुरू झाला. ॲपमध्ये रंग भरपूर हवेत. आलेख हवा. बक्षिसाचे गुण हवेत. संदेश आपोआप जायला हवेत आणि संदेश गेला की कामावर आपोआप हिरवी खूण पडायला हवी, म्हणजे माणसाचा वेळ वाचतो.

मागच्या बाकावरून जॅनेटने विचारले, “आणि पंप खंय आसा त्येच्यात?”

“पंप लाल रंगात आसा.”

“लाल म्हणजे काय?”

“म्हणजे सगळ्यात महत्त्वाचो.”

“मग आज रातीक त्या महत्त्वाच्या पाण्यान न्हाव हां.”

बायका इतक्या हसल्या की फादरांनी चहा लवकर मागवला. ॲल्स्टनने तिथेच ‘संघात भाषण’ यावर हिरवी खूण केली. मी डोळ्यांनी पाहिले.

हे सगळे हसण्यावारी चालले होते, ते क्लॉडियाचे लग्न ठरेपर्यंत.

क्लॉडिया ही ॲल्स्टनची एकुलती मुलगी. आईबाप मस्कतला असताना तिला सांभाळले ते फेलिसिदाद आंटीने, म्हणजे ॲल्स्टनच्या सख्ख्या आतेने. आंटी मिठबावला एकटी राहते. पोरीच्या वेण्या, पोरीचा ताप, पोरीची शाळा, सगळे तिने काढले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला रोस म्हणतात. त्यावेळची जुनी गाणी आता आंटीलाच तेवढी येतात. क्लॉडियाने लग्न ठरल्या दिवशीच सांगितले होते, “पयली वाटी आंटीची. आंटी नाय, तर मी पाटार बसूचंय नाय.” आणि ही पोर बोललेले मागे घेत नाही. आंटीनेच वाढवली आहे.

आता आमच्यात बोलावणे कसे करतात ते सांगते. ते तोंडाने करायचे असते. घरातल्या कोणीतरी जायचे, आत जाऊन बसायचे, चहा घ्यायचा आणि समोर बघून म्हणायचे, अमुक दिवशी कार्य आहे, तू यायचेस. पत्रिका नुसती हातात देऊन गेलेल्या माणसाला पोस्टमन म्हणतात. बोलावणाऱ्यांची वाटणी झाली तेव्हा मिठबाव ॲल्स्टनने स्वतःकडे घेतले. “आंटी माजी. मीच जातंय,” म्हणाला. मला बरे वाटले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

रोसाच्या दिवशी दुपारी मांडवात खुर्च्या लागत होत्या. क्लॉडियाने आंटीला फोन लावला, गाडी कधी पाठवू विचारायला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकले.

“गाडी? कोणासाठी गो बाय?”

“तुज्यासाठी आंटी. आज रोस ना माजो.”

“माका खंय बोलावल्यानी? तुज्या बापाशीन माज्या मोबायलाक बोलावल्यान. कसलीशी पत्रिका इली त्येच्यार. मगे मोबायलाकच न्हेवा आणि त्येकाच रोस लावा. माका आसा थंयच बरा.”

फोन बंद झाला. क्लॉडियाने बापाकडे पाहिले. ॲल्स्टनने काय करावे? मोबाइल काढून तिच्यापुढे धरला.

“ह्या बघ, ‘फेलिसिदाद आंटी, आमंत्रण’. हिरवी खूण. पत्रिका गेली, तिणा बघितल्यान, काम झाला.”

“पप्पा, तू मिठबावाक गेललंस?”

“जावची काय गरज? आपोआप खूण पडली ना.”

पोरीने केसांतली फुले काढून खिडकीत ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतले. बाहेर मांडवात पाहुणे येऊ लागले होते. जॅनेटचा चेहरा मला बघवेना. मी म्हटले, “ॲल्स्टन, गाडी काढ. मी येतंय वांगडा.” तर हा उभ्या उभ्या मोबाइलात लिहू लागला, ‘मिठबाव, तातडीचे’. आणि रंग निवडायला लागला! मी चावी त्याच्या हातात कोंबली.

मिठबावला आंटी ओसरीवर बसली होती. ठेवणीतली साडी नेसलेली, केस विंचरलेले, पायांशी पिशवी. पण आम्हाला बघून तिने तोंड माडांकडे फिरवले.

“बसा,” म्हणाली, “पाव्हणे खंयचे?”

ॲल्स्टन बसला. आंटीने चहा केला. मी त्याला मदत करायला तोंड उघडले तर तिने मला हाताने गप्प केले. त्याने कप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात आंटीच्या पिशवीतला मोबाइल वाजला. तिने तो माझ्याकडे दिला. “वाच गो, माजो चष्मो आत आसा.”

मी वाचले. ‘आमच्या आनंदात सहभागी होऊन आशीर्वाद दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. ॲल्स्टन आणि परिवार.’

लग्नानंतर जायचे आभार याने एक दिवस आधीची तारीख घालून ठेवले होते. ॲपने इमानाने पाठवले. खाली हिरवी खूणही पडली असणार.

आंटी शांतपणे म्हणाली, “म्हणजे मी येवन गेलंय. जेवलंय पण आसतलंय. बरा झाला, गाडीचो त्रास वाचलो.”

“आंटी, ता चुकून...”

“शिरा पडो तुज्या त्या डब्यार! मेल्या, तुजा चेडू माज्या कुशीत न्हिजान मोठा झाला. त्येच्या लग्नाक माका बोलवूक तुका तोंड नाय?”

ॲल्स्टनने मोबाइल गाडीत नेऊन टाकला. परत येऊन तो तिच्यासमोर खालीच बसला. पहिल्यांदाच त्याच्या हातात काही नव्हते, आणि हात कुठे ठेवावे ते त्याला समजेना.

“आंटी, आज आमच्या क्लॉडियाचो रोस. पयली वाटी तुजी. तू येवक व्हयी.”

“हां,” आंटी म्हणाली. “आता माका आयकाक इला.” पिशवी उचलता उचलता तिने विचारले, “रोस काढून ठेवल्यात?”

“नारळ कालच इले. झाला ता काम.”

“इले? सोलल्यानी कोणी? खोवल्यानी कोणी?”

नारळ टेम्पोतून उतरले तेव्हाच याने खूण करून टाकली होती. बायकांना वाटले, हा ‘झाला’ म्हणतो म्हणजे माणूस लावला असेल. नारळ सालासकट मांडवामागे पडून होते.

“तुज्यासाठी नाय, पोरीसाठी येतंय,” आंटी म्हणाली. “पण नारळ तू खोवतलंस. तोपर्यंत मी वाटी हातात घेवची नाय.”

आणि तिने ते करवून घेतले. सगळ्या पाहुण्यांच्या समोर ॲल्स्टन नारळ सोलत होता, मग आदोळीवर बसून खोवत होता. बोटे कापली, घाम गळला, शर्टाची इस्त्री गेली. क्लॉडिया दार उघडून बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसून बापाकडे बघत राहिली. तिने फुले परत माळली.

जॅनेट खोवलेले ताट उचलायला आली तेव्हा मला हळूच म्हणाली, “वयनी, ॲप घेवचोच झालो तर कसो घेवचो?”

आता मी काही ॲपांच्या विरुद्ध नाही. माझी वही वाजत नाही आणि दुसऱ्याच्या घरी दिसत नाही, एवढे मला कळते. पण संघातल्या बायकांनी त्या दिवशी मला विचारले असते तर मी सांगितले असते, की बायांनो, रंग नका बघू. काम लिहायला कामापेक्षा जास्त वेळ लागला तर ते ॲप फेकून द्या. आमच्या वाडीत अर्धा दिवस रेंज नसते, तेव्हाही ते उघडले पाहिजे. घरातल्या दुसऱ्या माणसाला त्यातले दिसले पाहिजे, म्हणजे ‘नारळ’ म्हणजे नेमके काय झाले ते जॅनेट तिथल्या तिथे विचारू शकली असती. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी ते गप्प बसले पाहिजे. ते सोडून जायचे झाले तर लिहिलेले सगळे आपल्याबरोबर बाहेर निघाले पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, काम झाले की नाही हे माणसाने ठरवायचे. आपणहून खूण करणारे ॲप म्हणजे आपल्या वतीने पाप कबूल करून येणारा शेजारी. सोय मोठी, पण माफी कोणाला मिळाली?

मला जॅनेटला यातले अर्धेच सांगता आले, कारण आंटीने हाक मारली.

रोस झाला. आंटीने पहिली वाटी क्लॉडियाच्या डोक्यावर धरली आणि गाणे उचलले. आवाज चिरका झाला आहे, पण एकही ओळ चुकली नाही. क्लॉडियाच्या तोंडावरून नारळाचा रस ओघळत होता, त्यात डोळ्यांतले काय आणि वाटीतले काय ते ओळखू येत नव्हते. ॲल्स्टन बोटांना चिंध्या गुंडाळून खांबाला टेकून उभा होता.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. कोणीतरी तो गाडीतून आणून क्रुसाखालच्या फळीवर ठेवला होता. जॅनेटने वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “पप्पानु, तुमची माळ तुटली. ‘आज तुम्ही स्वतः एकही काम पूर्ण केले नाही’, म्हणता ता.”

ॲल्स्टनने मान वर केली नाही. आंटीने त्याच्या हातात दुसरी वाटी दिली आणि म्हणाली, “हुबो कित्या? लाव आता तुज्या चेडवाक.”

पंप अजून लाल रंगातच आहे.