दोन लाल गोळे

फौजी माणसाच्या तोंडाकडं आधी बघत नसे, पायांकडं बघे. दारात पाव्हणा आला की त्याची नजर पहिल्यांदा वहाणांवर पडायची आणि मग सावकाश वर चढायची. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, भीमाशंकरला निघालेल्या यात्रेकरूंची जीप असो, हा वाकून खाली बघणारच. लोक हसायचे. हसणारे सगळे मला पाठ आहेत. त्यातले निम्मे मेले, उरलेले त्याच्या दहाव्याला पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसले होते.

तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्याचं गाव निरगुडसरच्या अलीकडं, माझं ओतूरजवळ. सैन्याची विमानं जिथं उतरतात अशा एका तळावर तो नोकरीला होता. गावाला वाटायचं, हा विमान चालवतो. तो म्हणायचा, "मी विमानात कवाच बसलो न्हाय. मी खाली उभा राहून वर बघतो. तेबी काम हाय."

काम असं होतं. धावपट्टीच्या टोकाला काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवलेली एक खोली. तिच्यात हा, एक दुर्बीण आणि एक जाड नळीचं पिस्तूल. विमान उतरायला आलं की दुर्बिणीतून त्याच्या पोटाखाली बघायचं, चाकं बाहेर आलीत का. आली असली तर गप्प बसायचं. नसली तर पिस्तुलातून लाल जाळाचा गोळा उडवायचा. तो दिसला की पायलट विमान परत वर उचलतो. वर्षानुवर्षं ह्यानं गप्प बसायचं काम केलं. एकदाच गप्प बसून चालणार नव्हतं, आणि त्या वेळी तो बसला नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दुपारी एक लढाऊ विमान उतरायला आलं. पायलटनं रेडिओवर सांगितलं, चाकं उतरली. रोज सांगायचं म्हणून तोंडातून निघून गेलं असेल. फौजीनं दुर्बीण लावली. पोटाखाली काहीच नव्हतं. त्यानं एक गोळा उडवला. विमान खालीच येत राहिलं. त्यानं दुसरा उडवला. मग ते विमान पोटावर बसलं आणि ठिणग्यांचा पट्टा ओढत अर्धी धावपट्टी घसरत गेलं. आगीची गाडी धावली, फेस मारला. पायलट चालत बाहेर आला, अंगावर ओरखडा नाही. देवाची कृपा, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट पुढचं आहे.

चौकशी बसली. पायलट म्हणाला, मला गोळा दिसला नाही. एका साहेबानं फौजीला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "लिख दो, सूरज आँख में था, गोला देर से छूटा." फौजी म्हणाला, "साब, सूरज तो पीछे था." साहेबानं समजावलं, तुला थोडी शिक्षा होईल, त्या पोराचं आयुष्य वाचेल. हा म्हणाला, "त्यो वाचलाच हाय की साब." सही केली नाही. मग सहीवाचूनच कागदावर शेरा पडला, गोळा उशिरा उडाला. ह्याला त्या खोलीतून उचलून घोंगड्यांच्या कोठारात टाकलं. बढती गेली. मुदत भरल्यावर ट्रंक घेऊन घरी आला.

आमच्याकडं फौजेतून आलेले पुष्कळ. त्यांच्या गोष्टी दर वर्षी वीतभर वाढतात. एका गोळीच्या तीन होतात, तीन शत्रूंचे तीस. ह्याची गोष्ट वाढली नाही. "मी बघितलं. चाकं नव्हती. मी दोन गोळे उडवले." लग्नात विचारा, मळ्यात विचारा, तापानं फणफणलेला असताना विचारा, एवढंच. खोटं बोलणाऱ्याला हे जमत नाही, थोडी तरी भर पडतेच. एवढी साधी गोष्ट गावाच्या टाळक्यात शिरली नाही. कुणी तरी तळावरची अर्धी बातमी आणली आणि गावानं त्याचं नाव पाडलं, विमानपाड्या.

ओतूरच्या स्टँडवर एकदा मी बरोबर होतो. हा वाकून एसटीखाली बघत होता. ड्रायव्हर वरून म्हणाला, "काय फौजी, उतरली का चाकं?" सगळा स्टँड खिदळला. फौजी उठला, गुडघे झाडले. "उतरल्यात. पण डाव्या अंगाच्या मागल्या चाकाचे दोन नट ढिले हायेत. माणसं भरायच्या आधी आवळा, राव." ड्रायव्हर शिव्या घालत खाली उतरला, बघितलं आणि पान्हा आणायला गेला. कुणी म्हणालं नाही, फौजी, बरं झालं बघितलंत. गाडी भरली आणि निघून गेली.

शेवटी छातीच्या दुखण्यानं गेला. दहाव्याला नदीच्या घाटावर मांडव, सतरंज्या, कर्णे. आमच्या भागात दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं होतात, मेलेला माणूस कोण हे त्यांना माहीत असो नसो. एक पुढारी पांढऱ्या गाडीतून आला, निवेदकाच्या कानाला लागला आणि माईकवर सुरू झाला. "जळतं विमान ज्यांनी आपल्या हातांनी सुखरूप उतरवलं, असा हा तालुक्याचा वीर." विमानपाड्या म्हणणारी तोंडं माना हलवत होती. एक जण तर डोळे पुसत होता.

माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "पावणं, थांबा. फौजीनं कायबी उतरवलं न्हाय. विमान त्याच्या डोळ्यांदेखत आपटलं."

निवेदकानं माईकवर हात ठेवला. फौजीचा मुलगा माझा दंड धरून म्हणाला, "आतोबा, चांगलंच बोलत्यात की. राहू द्या."

"काय चांगलं? तुझा बाप खोट्या कागदावर सही करंना म्हणून घोंगड्या झाडत बसला, आन् तुमी त्याच्या दहाव्याला खोटं वाटताय."

"म्हाताऱ्याला बसवा, दुःखात हायेत," मागून कुणी तरी म्हणालं. कर्णा बंद झाला. मी कर्ण्याशिवाय बोललो. कुणी काय नाव ठेवलं, कोण कुठं हसलं, नावं घेऊन सांगितलं. पुढच्या सतरंजीवरच्या माना खाली गेल्या. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं फौजीची बायको उठली. दहा दिवसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "दाजी, समद्यांचं सांगितलं. आता तुमचं सांगा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

मग मी सांगितलं. फौजी घरी आला त्या वर्षी मी त्याला जेवायला बोलावलं होतं. बायकोनं मांडे केले होते. दोन घास झाले आणि मी हसत म्हणालो, "आता आपलीच माणसं हायेत. खरं सांगा पावणं, गोळा उशिरा उडाला ना?" त्यानं माझ्याकडं बघितलं. ताटाला हात जोडले आणि उठला. हात धुऊन बाहेर गेला, तो माझ्या घरात परत जेवला नाही. बायको चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

हे सांगून मी खाली बसलो. गुरुजींनी पुढचा विधी सुरू केला. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

परतताना एसटीत खिडकीपाशी बसलो होतो. दर राखीला माझी बायको ह्याच रस्त्यानं भावाकडं जायची. एकटी जायची. मला एकदाही चला म्हणाली नाही. मी समजायचो, घरी जनावरं आहेत, दूध काढायला माणूस लागतं, म्हणून म्हणत नसेल. ती वारून दोन वर्षं झाली. नारायणगाव मागं पडलं तेव्हा मला कळलं, जनावरांचं काही नव्हतं.