दुर्बिणीचंच तर आहे

आमच्या चिमूरकडच्या खेड्यात 'दुर्बिणीचं' म्हटलं की बाईले आणखी काही समजावून सांगा लागत नाई. पोरं बंद करायचं ऑपरेशन. पोटाले बोटभर चीर, एक-दोन टाके, आणि लवकरच घरी. मी गावची आशा सेविका, कितीतरी बायकांले दवाखान्यात मीच घेऊन गेली. "महिनाभर जड उचलू नको" हे कागदावरचं वाक्य मीच वाचून दाखवायची, आणि आठव्या दिवशी तीच बाई डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन रस्त्यात भेटायची. कोणाले काही झालं नाई.

मग मायच्या कमरेचा मणका सरकला. डावा पाय बधिर, दहा पावलं चालली की खाली बसायची. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, खालचे दोन मणके स्क्रू लावून जोडा लागतील. मी काय गप्प बसणारी! आठ दिवस मोबाईलवर डोळे फोडले अन् प्रश्नांची वही घेऊन गेली.

डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं. तीन रस्ते. पाठीतून गेलं तर नळीनं स्नायू बाजूले सारतात, दबलेली नस मोकळी करता येते. पोटातून गेलं तर पाठीच्या स्नायूंले धक्का नाई, मणक्यांमधला आधारही मोठा बसतो, पण मोठ्या रक्तवाहिन्या आड येतात. कुशीतून जावं तर मायचा सांधा सगळ्यात खालचा, कमरेच्या हाडाआड लपलेला. पाठीतून ठरलं.

"चीर केवढी?" मी विचारलं. त्यानं बोटाचं पेर दाखवलं. "दुर्बिणीनंच करू," म्हणाला.

मी मायजवळ येऊन म्हटलं, "दुर्बिणीचंच तर आहे माय!"

"अगं बाई! आता या वयात माही पोरं बंद करतं काय वं?" ती पोट धरून हसली. तिचं ते हसणं मले अजून ऐकू येते.

तिन्ही रस्ते मले तोंडपाठ होते. हाड जुळायले किती दिवस लागतात, हे मात्र माह्या वहीत नव्हतंच. डॉक्टरनं आपणहून सांगतलं, "बाहेरून छोटं दिसते, आतलं काम तेवढंच आहे. सहा महिने वाकायचं नाई." मी मान हलवली. मले वाटलं, हेही कागदावरचंच वाक्य.

पायाचं बधिरपण गेलं. माय एकटी देवळापर्यंत जाऊन यायले लागली. दोन महिन्यांनी धानाचे रोवणे सुरू झाले, बायका आमच्या दारावरून हाका मारत जायच्या.

"जाऊ काय वं मी? अर्धाच दिवस."

मी भाकरी करून राह्यली होती. मागं वळूनही पाह्यलं नाई. "जा ना. टाके सुकले. दुर्बिणीचंच तर आहे."

रोवणा म्हणजे चिखलात सारा दिवस वाकून राहणं. तिसऱ्या दिवशी ती धानाच्या बांधीत खाली बसली ती उठलीच नाई. चौघींनी खाटेवर घालून आणली, डावा पाय पार लुळा.

एक्स-रेच्या फोटोत एक स्क्रू तुटलेला, एक सैल. हाड जुळलंच नव्हतं. आता करायचं तर पाठ मोठी उघडून, अन् पाय परत येईल याची खात्री नाई. माय म्हणाली, "बस झालं."

आता पाय वाळून चालला आहे. मी तिले न्हाऊ घालते, संडासले उचलून नेते. आग लागो माह्या जिभेले! किती रडली, देवापुढं डोकं आपटलं, कशाचाच उपयोग नाई.

बायका भेटायले येतात. "डॉक्टरनं बिघडवलं काय?" विचारतात.

"नाई वं, डॉक्टर चांगला होता," माय खाटेवरून सांगते. "माह्या पोरीनंही बजावलं होतं, वाकू नको म्हणून. मीच ऐकलं नाई."

मी तिथंच बसलेली असते. अजून एकदाही "माय, खोटं नको बोलू" असं माह्या तोंडून निघालं नाई.