पन्नासाव्या पानावरचं टिंब

"पन्नास पानं वाच. मग मला शिव्या घाल." हातातलं पुस्तक समोरच्याच्या पोटाशी टेकवून काका हे सांगायचे. त्यांच्या तावडीतून सुटलेला वाचक आमच्या पापडी गावातल्या वाचनालयात मी तरी पाहिला नाही. तुम्हीही सुटला नसतात.

काका मूळचे कोकणातले. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन वसईत फ्लॅट घेऊन राहिले होते. बायको गेलेली, मुलगा ठाण्याला. वाचनालय अकराला उघडतं, पण काका साडेदहालाच पायरीवर हजर. ग्रंथपाल मी, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे लोक त्यांनाच विचारायचे. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या शिफारशींना काही धरबंध नव्हता. एकट्या राहणाऱ्या एका बँकवाल्या पोराला त्यांनी पाककृतींचं पुस्तक दिलं. नालासोपाऱ्यापलीकडे कधी न गेलेल्या एका काकूंना ध्रुवावरच्या मोहिमेचं दिलं. त्या महिनाभर भाजीवाल्याला बर्फात कुत्रे कसे जुंपतात ते समजावत होत्या. एका धिप्पाड कंत्राटदाराला भुताच्या गोष्टी दिल्या. तिसऱ्याच दिवशी पुस्तक टेबलावर ठेवून तो म्हणाला, "काका, बायको माहेरी असताना असलं काही देत जाऊ नका हां."

स्वतः वाचल्याशिवाय पुस्तक कुणाला द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. वाचून झालं की पन्नासाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिंब काढायचे. वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करू नका म्हणून मी ओरडायचे, खोडरबर घेऊन बसायचे. शेवटी कंटाळून खोडायचं सोडून दिलं.

त्या टिंबानेच मला पहिल्यांदा घाबरवलं. दिवाळीनंतर नवी पुस्तकं आली. काका तीही नेहमीच्याच उत्साहाने वाटत होते, पण एकाही नव्या पुस्तकात टिंब नव्हतं. मग मला बाकीचंही दिसायला लागलं. पायरी चढताना त्यांचा पाय आधी चाचपायचा. पुस्तक उघडून बसायचे, पण तासभर पान उलटायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "हल्ली छपाईच बारीक करतात मेले." मी हसले आणि गप्प बसले. अजून विचारलं आणि खरं निघालं तर काय, याची मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात शेजारच्या होळी गावातली रूपाली आली. भाजीपाल्याची वाडी असलेल्या घरातली सून. तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, आता पुन्हा दिवस राहून सातवा लागला होता. "पडून पडून नको ते विचार येतात हो. हसवणारं काहीतरी द्या," ती म्हणाली. मी उठायच्या आत काकांनी नव्या कपाटातली एक कादंबरी काढली. "हे ने. पन्नास पानं वाच, मग मला शिव्या घाल." ती खूश होऊन गेली.

त्या कादंबरीच्या दोन प्रती होत्या. दुपारी मी दुसरी उघडली. टिंब नव्हतंच. पानं चाळत गेले. सत्तराव्या पानाच्या आसपास एक बाळंतपण होतं, आणि त्यात बाळ जात होतं. आईही वाचत नव्हती.

फोन लावला, ती उचलेना. वाचनालयाला कुलूप घालून मी रिक्षात बसले. माणूस तासाला किती पानं वाचतो याचा हिशेब सारखा चुकत होता. रूपाली ओटीवर लोडाला टेकून वाचत होती, जवळच सासू मेथी निवडत बसलेली. रूपालीचं बोट एक्केचाळिसाव्या पानात होतं. "चुकून दिलं गं, दुसऱ्यांनी आधी सांगून ठेवलं होतं," म्हणत मी पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं. सासू म्हणाली, "एवढ्यासाठी रिक्षा करून आलात?"

दुसऱ्या दिवशी मी काकांना पायरीवरच गाठलं. पुस्तकात काय आहे ते सांगितलं. "तुम्ही वाचलं नव्हतं ना?"

ते पायरी चाचपत खाली बसले. मग म्हणाले, "पिवळं होतं गे, बाय. मला तेवढंच दिसलं. म्हटलं, पिवळ्या पुस्तकात वाईट काय असणार?"

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलालासुद्धा त्यांनी कळवलं नव्हतं. "मला फार भीती वाटते," ते म्हणाले. मी रडले, तिथेच, पायरीवर.

मग त्यांनी हट्टच धरला, "मला तिच्याकडे ने. माफी मागतो."

आम्ही गेलो. माफीचा शब्द निघायच्या आत रूपालीच म्हणाली, "काका, काय मस्त पुस्तक होतं! बाईंनी नेमकं रंगात आलं तेव्हा नेलं. त्यातल्या पोरीचं पुढे काय होतं? बाळंतपण नीट होतं ना?"

काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "होतं तर," ते म्हणाले. "मुलगी होते. भयंकर रडकी. अख्खी आळी जागी ठेवते." आणि त्यांनी त्या मुलीचं बारसं सांगितलं, पहिला दात सांगितला, आजोबांचा चष्मा फोडते तेही सांगितलं. रूपाली पोट धरून हसत होती. माझं मनगट त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

परतताना रिक्षात म्हणाले, "आता हिचं सगळं नीट व्हायला हवं, बाय. नाहीतर मी तिला दोनदा फसवलं."

डोळ्यांचं कळल्यावर महिन्याभरात मुलगा त्यांना ठाण्याला घेऊन गेला. तिथून रोज अकराला त्यांचा फोन येतो. पुस्तकांचं काही विचारत नाहीत. "काही कळलं?" एवढंच. "अजून नाही, काका," मी सांगते.

आज सकाळी रूपालीच्या सासूचा फोन आला होता. सुनेला इस्पितळात नेलंय, दिवस अजून भरले नाहीत, डॉक्टर काही बोलत नाहीत. त्यानंतर तिकडून काहीच कळलेलं नाही. आता अकरा वाजलेत. टेबलावर फोन वाजतो आहे, काकांचा आहे, आणि तो उचलायचा मला धीर होत नाही.